स्मार्ट बोर्ड आला, पण मुलं काय करतात?
वर्गात स्मार्ट बोर्ड बसवला की शिकणं सुधारतं, हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातलं म्हणणं मला पटलं नाही. मी पुण्यात बी.एड. करतेय, सध्या इंटर्नशिपमध्ये विज्ञान शिकवते. कुठलंही साधन दाखवलं की आमच्या मॅडम पहिल्यांदा विचारतात, हे वापरताना मूल काय करतं? विद्युत परिपथाचा व्हिडिओ मुलं नुसती बघतात. तोच परिपथ कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ सिम्युलेशनवर, म्हणजे पडद्यावर स्वतः करून बघायच्या आभासी प्रयोगात, जोडताना एक मुलगी बॅटरी उलटी लावून बघते, दिवा तरीही लागतो, आणि मग ‘असं का?’ म्हणून सगळा बाक भांडायला लागतो. शिवाय फेट मोफत आहे, मराठीतही आहे! बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडमागचं, ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक पोर्टलवरचं साहित्यसुद्धा असंच पारखून घ्यावं. आणि शाळेसाठी अशा साधनांची खरेदी ठरवताना वर्गावर शिकवणाऱ्या शिक्षकांना विचाराच.