‘दुखणं एका हाताचं, शॉक दोन्ही हातांना’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. आपण एक तारा देऊन लिहिलं आहे की एकाच हाताला मुंग्या येत असताना शॉक दोन्ही हातांना दिले, आधी कोमट पाण्यात हात बुडवून बसवून ठेवलं, वर मानेत आणि दंडात सुई टोचली, आणि एवढं करून रिपोर्ट ‘नॉर्मल’. नसा आणि स्नायूंची ही तपासणी दुखते, हे खरं आहे. आपल्या रिपोर्टमधले आकडे इथे उघड लिहिणार नाही. कारणं मात्र सांगायलाच हवीत.

आधी पाण्याचं. हाताची त्वचा निदान ३२ अंश सेल्सिअस झाल्याशिवाय आम्ही एनसीव्ही, म्हणजे शॉक देऊन नसेतून सिग्नल किती वेगाने जातो ते मोजणं, सुरू करत नाही. एसीत बसलेल्या माणसाचा हात सहज २८ अंशांवर असतो. दर अंशामागे मनगटापासून अंगठ्याच्या स्नायूपर्यंत सिग्नल पोचायला साधारण ०.२ मिलिसेकंद जास्त लागतात. म्हणजे खरी वेळ ३.८ असली तर थंड हातात ती ४.६ दिसते, आणि धडधाकट मनगटाच्या रिपोर्टवर ‘कार्पल टनेल’ (मनगटात नस दबणं) लिहिलं जातं. त्यावर विसंबून कुणाचं ऑपरेशन झालं तर? त्यापेक्षा पाण्यात घालवलेली वीस मिनिटं परवडली.

दुसरा हात तुलनेसाठी लागतो, शिवाय कार्पल टनेल पुष्कळदा दोन्हीकडे असतो. त्याच हातातल्या मीडियन (कार्पल टनेलमध्ये दबणारी) आणि अल्नर (करंगळीकडची) या नसाही आम्ही तळवा ते मनगट या ८ सेंमी अंतरावर ताडून पाहतो, ०.४ मिलिसेकंदांचा फरकसुद्धा संशयाला पुरतो.

सुई मानेसाठी. मानेत नसेचं मूळ दबलं असेल तर बोटांच्या संवेदनेची एनसीव्ही बहुधा नॉर्मलच येते, कारण दाब संवेदी पेशींच्या गाठीच्या अलीकडे, मणक्याकडच्या बाजूला असतो आणि हातातले संवेदी तंतू शाबूत राहतात. तिथे ईएमजीच, म्हणजे स्नायूत सुई घालून त्यातले विद्युत सिग्नल पाहणंच, उपयोगी पडते. सुई प्रत्येकाला नवी असते, तिच्यातून करंट सोडत नाहीत. पण हाताच्या स्नायूंत बिघाडाच्या खुणा दिसायला दोन-तीन आठवडे जातात, आणि जळजळ करणारे बारीक तंतू तर या तपासणीत दिसतच नाहीत. त्यामुळे ‘नॉर्मल’ म्हणजे आपला त्रास खोटा, असं मुळीच नाही.

त्रास सुरू झाल्यावर तीन आठवड्यांच्या आत तपासणी झाली असेल, तर आपल्या न्यूरॉलॉजिस्टना विचारून ईएमजी पुन्हा करून घ्या. आम्ही पैसे घेणार नाही. येताना हाताला तेल-क्रीम लावू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, फक्त आम्हाला आधी सांगा.