मागून पहिला

शनिवारी रात्री आमच्या सायकलिंगच्या ग्रुपवर मेसेज पडतो, "उद्या ५.३० शार्प. सोशल राइड. रिलॅक्स पेस. नो ड्रॉप. शेवटी मिसळ." यातली मिसळ तेवढी खरी, बाकी सगळी निवडणुकीतली आश्वासनं. शार्प म्हणजे पावणेसहाला लीडरला फोन केला की तो "निघालोच" म्हणतो आणि मागे बादली भरल्याचा आवाज येत असतो. सोशल म्हणजे गप्पा मारत जायचं, पण गप्पा पुढचे सहा-सात जण आपापसात मारतात, माझ्या वाट्याला त्यांच्या पाठी येतात. ग्रुपमधल्या डॉक्टरांच्या जर्सीच्या मागे कुठल्यातरी जुन्या इव्हेंटच्या स्पॉन्सरांची यादी आहे, पेंटवाला, पतसंस्था, पॅथॉलॉजी लॅब, मला झोपेतून उठवून विचारा, क्रमाने सांगेन. अर्थात ती पहिल्या दोन किलोमीटरपुरतीच वाचता येते, नंतर अक्षरं बारीक होत जातात.

आता नो ड्रॉप. म्हणजे कोणालाही मागे टाकून जायचं नाही, पुढे गेलेल्यांनी थांबायचं. ऐकायला किती माणुसकीचं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं की पुढचे पोरं जाऊन फाट्यावर थांबतात, पाणी पितात, केळी खातात, फोटो काढतात, एखादा झाडाला टेकून घरी फोनसुद्धा करून घेतो, आणि मी धापा टाकत पोचलो रे पोचलो की लीडर म्हणतो, "आले का सगळे? चला मग." म्हणजे जो सगळ्यात फिट त्याला दहा मिनिटं विश्रांती आणि ज्याचा जीव घशात आलाय त्याला शून्य. हे गणित मी डॉक्टरांना नीट समजावून सांगितलं, तर ते मनापासून म्हणाले, "मग तुम्ही जरा लवकर येत जा ना."

ड्राफ्टिंगचंही तसंच. पुढच्याच्या चाकामागे हात-दीड हातावर चिकटून राहिलं की हवेचा मार तो खातो आणि मागच्याची पाव हिश्श्याहून जास्त ताकद वाचते, हे खरं आहे, शास्त्र आहे. पण त्यासाठी आधी त्या चाकापर्यंत पोचावं लागतं. जो मागे पडला त्याला सगळा वारा एकट्याला. ज्याला गरज आहे तो सोडून बाकी सगळ्यांना सवलत, आपल्याकडे योजना अशाच असतात म्हणा.

नाशिकमध्ये हा त्रास जरा जास्तच आहे आणि त्याला कारण आहे. २०१५ साली इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या दोघा भावांनी रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली, पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत साधारण ४८०० किलोमीटर, दोघांच्या टीमने, ९ दिवसांच्या आत. अभिमानाची गोष्ट, वाद नाही. पण तेव्हापासून गावातल्या डॉक्टरमंडळींकडे बीपी दाखवायला जायची सोय राहिली नाही. आमच्या डॉक्टरांनी माझा बीपी बघितला, औषध लिहिलं नाही, सायकलचं मॉडेल लिहून दिलं. असा मी या ग्रुपात आलो.

आमचं वर्ष पावसाळ्यात सुरू होतं. जून संपत आला की सगळ्यांना त्र्यंबक रोडची हाक येते. अठ्ठावीस-तीस किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. महिरावणी सोडलं की दोन्हीकडे हिरवंगार, पुढे अंजनेरी ढगात, खाचरांमध्ये भाताची आवणी चाललेली. वर्णन मी करू शकतो कारण पुढच्यांना ते दिसत नाही, ते घड्याळात हार्ट रेट बघत असतात. पण पावसाळी वारा पश्चिमेकडून, आणि त्र्यंबकही पश्चिमेला, त्यामुळे जाताना पूर्ण रस्ता तो थेट छातीवर. अशा वेळी ड्राफ्टिंग करावं तर पुढच्या सायकलला मडगार्ड नाही. मडगार्ड लावणं आमच्यात कमीपणाचं समजतात, वजन वाढतं म्हणे, शंभर-दीडशे ग्रॅम. त्यामुळे पुढच्याच्या मागच्या चाकातून लाल पाण्याची पिचकारी उडते ती बरोबर मागच्याच्या तोंडाच्या उंचीला. म्हणजे दोनच पर्याय, ताकद वाचवायची असेल तर चिखल प्या, नाहीतर एकटे वाऱ्याशी लढा. मी काही दिवस तोंड मिटून चिखल खाल्ला, पण चढावर तोंड मिटून श्वास कुठून घेणार.

श्रावणातल्या रविवारी तर विचारू नका. पहिन्याच्या धबधब्याला निघालेल्या गाड्या, कणसांच्या गाड्यांपुढे आडव्या लावलेल्या बाइका, आणि तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरी प्रदक्षिणा असेल तर आदल्या दिवसापासूनच लोकांची रीघ. त्या गर्दीत एक बरं असतं, सगळेच हळू जातात.

पाऊस ओसरला की आम्ही गिरणाऱ्याकडे वळतो. तिकडे तेव्हा टोमॅटोचा सीझन, कॅरेट भरलेल्या पिकअपची रांग, रस्त्यावर सांडलेल्या टोमॅटोंचा लगदा, त्यावरून बारीक टायरची सायकल काय घसरते म्हणून सांगू. द्राक्षबागांची छाटणी होऊन फवारण्या चालू झालेल्या असतात, ट्रॅक्टरवरच्या ब्लोअरचा फवारा वाऱ्याने रस्त्यावर आला की डाऊनी आणि भुरी या द्राक्षावरच्या रोगांपासून माझं पूर्ण संरक्षण होतं. आणि याच दिवसांत सराटे वाळतात. सराट्याला पावसात पिवळी नाजूक फुलं येतात, फोटो काढण्यासारखी, आणि वाळला की त्याचे काटे असे पडतात की कसाही पडला तरी एक टोक वर. निर्मात्याने हे सायकलवाल्यांना डोळ्यासमोर ठेवूनच केलंय.

पंक्चर झालं की ग्रुपमध्ये चैतन्य येतं. चाक माझं, पण टायर लिव्हर सीएंच्या हातात, ट्यूब डॉक्टरांच्या हातात, पंप लीडरकडे आणि मी आपला सायकल उचलून धरलेली, आधी तेलकट चेनवर हात पडून पंजा काळा झालेला. "आतून बोट फिरवा, काटा आतच असेल," मॅडम म्हणाल्या. मॅडम शाळेतून रिटायर झाल्यात, चढावर सगळ्यांच्या पुढे असतात आणि चूक दिसली की अजून लाल पेन शोधतात. डॉक्टरांनी बोट फिरवलं आणि एकदम "स्स" करून ओढलं. सापडला. मातीच्या रंगाचा, ज्वारीच्या दाण्याएवढा, रबरात असा रुतलेला की नखाने निघेना, शेवटी सीएंनी चावीने टोकरून काढला आणि तळहातावर ठेवून सगळ्यांना दाखवला. मग कळलं की लीडरच्या पंपाचा वॉशर गेलाय. म्हणून चाक हातात घेऊन गावातल्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने आमचा तो परदेशी पद्धतीचा बारीक व्हॉल्व्ह दोन बोटांत धरला, इकडून बघितला, तिकडून बघितला, आपल्या कॉम्प्रेसरचं तोंड त्याला लावून बघितलं, बसेना.

"केवढ्याची सायकल?"

मी आकडा निम्मा करून सांगितला.

"आन एवढ्या पैशात वाल बी पुरता दिला नाय का कंपनीनं?"

त्याच रस्त्यावर, एका शनिवारच्या राइडला, गिरणाऱ्याच्या पुढच्या चढावर शाळेतल्या दोन मुलींनी मला गाठलं. सरकारी योजनेत मिळते ती साधी सायकल, गिअर नाही काही नाही, बास्केटमध्ये दप्तर, कॅरिअरवर मैत्रीण, सकाळची शाळा गाठायची घाई. चालवणारी उभी राहून पायडल मारत होती आणि मागचीला कुठल्यातरी बाईंची नक्कल करून दाखवत होती, म्हणजे श्वास शिल्लक होता. शेजारी आल्यावर माझ्या सायकलकडे बघून म्हणाली, "काका, तुमच्याला गिअर हाये ना, टाका की." टाकलेलाच होता. त्याच्या खाली नव्हता.

थंडीत मात्र सगळं नाशिक सायकलवर असतं. डिसेंबरमध्ये नवीन सायकली, नवीन हेल्मेट, नवीन संकल्प. निफाडचा पारा पाच-सहावर उतरतो, बागायतदार मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या करतात आणि आम्ही सगळं अंग झाकून, फक्त बोटं उघडी ठेवून त्यांच्या शेजारून जातो. बोटं उघडी का, तर अर्ध्या बोटांचे ग्लोव्हज, प्रो लोक घालतात. पाचव्या किलोमीटरला ब्रेक दाबला का नाही हे हाताला कळत नाही, सायकल थांबली तर समजायचं दाबला.

याच सीझनला एकदा पक्षी बघायला नांदूर मध्यमेश्वरला राइड ठरली. रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं हे पहिलं ठिकाण, २०२० साली, चांदोरी-सायखेड्याकडून रस्ता बऱ्यापैकी सपाट, मी खूश. डॉक्टरांनी जाताना माहिती दिली की लांब जाणारे पक्षी इंग्रजी व्हीच्या आकारात उडतात आणि पुढचा दमला की मागे येतो, दुसरा पुढे जातो, म्हणजे ड्राफ्टिंगच. मी म्हटलं, आणि मागचा दमला तर? तोपर्यंत ते ऐकू येण्याच्या पलीकडे गेले होते. मी पोचलो तेव्हा मंडळींचं दुर्बिणीतून बघून, फ्लेमिंगो होते का नव्हते यावर भांडून, डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीची पोळी खाऊन झालेलं. "आले का सगळे? चला मग." मी पाणकावळा पाहिला, तोही परत येताना, विजेच्या तारेवर.

थंडीतली दुसरी साथ बीआरएमची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडची. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत करायचे, पहिला आला तरी बक्षीस नाही आणि शेवटचा आला तरी मेडल तेच. हे मला तत्त्व म्हणून फार आवडलं. मग कळलं मेडलचे पैसे वेगळे भरावे लागतात.

मिसळीबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही. पापड, दही, एक्स्ट्रा तर्री, वर जिलेबी, नंतर "आज बर्न केलंय ना" म्हणून अजून एक पाव, आणि तिथे मी कोणाच्याही मागे नसतो. वजन तेवढंच आहे. घरून दर महिन्याला एकदा विचारणा होते, मी आकडा निम्मा करून सांगतो ती सवय इथे चालत नाही, काटा घरातच आहे.

उन्हाळ्यात ग्रुप गळतो. पाचला निघायचं ठरतं, येतात चारच जण, आणि आठनंतर डांबरावरून अशी धग येते की बाटलीतलं पाणी चहाला ठेवल्यासारखं लागतं. शेतात उन्हाळ कांद्याची काढणी, रस्त्याकडेला पातीचे ढीग, चाळी भरायचं काम चाललेलं. एप्रिल संपताना आम्ही दिंडोरीकडे गेलो होतो. परतीला ढकांब्याच्या अलीकडे माझं टायर बाजूने फाटलं, ट्यूब बदलून उपयोग नाही, आणि पुढचे तिघं नो ड्रॉपच्या नियमाप्रमाणे कुठल्यातरी पुढच्या सावलीत थांबलेले असणार. सायकल हातात धरून चालत होतो, तर रिकाम्या कॅरेटची पिकअप शेजारी येऊन थांबली.

"कुठं गेल्ते भाऊ?"

"दिंडोरीला."

"काय काम व्हतं?"

"काम नाही, सहज. जाऊन परत यायचं."

त्याने माझ्या चड्डीकडे बघितलं, फाटलेल्या टायरकडे बघितलं आणि क्लिनरला सरकायला सांगितलं. मी म्हटलं नको, मागेच बसतो, सायकल धरायला लागेल. कॅरेटांना पाठ टेकून, सायकल आडवी करून मांडीवर घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या रस्त्यावर वारा बरा वाटला. एका चिंचेखाली आमची मंडळी थांबली होती. डॉक्टर केळं सोलत होते. मी हात हलवला आणि ओरडलो, "सावकाश या, म्हसरूळला थांबतो." मॅडमनी टाळ्या वाजवल्या, डॉक्टरांचं केळं हातातच राहिलं.

म्हसरूळला चामर लेण्यांच्या डोंगराच्या बाजूला रसवंतीवर दोन ग्लास रस पिऊन, पाय पसरून, पेपरसुद्धा वाचून झाला, तेव्हा ते आले. लाल झालेले, घामाने निथळलेले. डॉक्टर सायकल स्टँडशिवाय कुठे टेकवावी ते शोधत होते, तोवर मी उठलो आणि विचारलं, "आले का सगळे?"

पुढचं प्रकरण संध्याकाळी झालं. घड्याळ बंद करायचं राहून गेलं होतं, त्यामुळे पिकअपमधला प्रवासही सायकलिंग म्हणून स्ट्राव्हा या राइड नोंदवायच्या अ‍ॅपवर चढला. स्ट्राव्हा रस्त्याचे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्यावर सगळ्यात वेगवान माणसाला केओएम, म्हणजे त्या तुकड्याचा राजा करतं. ढकांबे ते म्हसरूळ हा तुकडा बरीच वर्षं डॉक्टरांच्या नावावर होता. आता माझ्या नावावर आहे, सरासरी वेग ताशी ५४ किलोमीटर, हार्ट रेट ७८. डॉक्टरांचा त्याच रात्री पर्सनलवर मेसेज आला, "डिलीट करताय ना?" सीएंनी हार्ट रेटचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, बघा, फिटनेस याला म्हणतात. मी डॉक्टरांना कळवलंय की बघतो, जरा दमलोय, आणि नो ड्रॉप म्हटल्यावर एवढं थांबायला त्यांची हरकत नसावी.