लाईट लागेपर्यंत पॅड बदलू नका, म्हणे

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर येऊन पोचला. 'स्पोर्ट्स कारवाल्यांनो, ब्रेकच्या नावाखाली लुटले जाऊ नका' असं वर ठळक अक्षरांत, आणि खाली पाच मुद्दे. डॅशबोर्डवर लाईट लागेपर्यंत लायनर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला चिमटीत धरून गाडी थांबवणारे पॅड, बदलायचे नाहीत. पॅड ४० हजार किलोमीटर चालतातच, त्याआधी संपले म्हणणारा खोटारडा. रेसिंगचे पॅड टाकले की गाडी निम्म्या अंतरात थांबते. ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकली, बदलून टाका. आणि सिरॅमिक ब्रेक असतील तर आयुष्यभर तिकडे बघायलाच नको.

लिहिणाऱ्याचा राग समजू शकतो. माझ्याकडे सेकंडहँड घेतलेली बीएमडब्ल्यू एम टू आहे. तिच्या चारही चाकांच्या पॅड-डिस्कचा भाव विचारल्यावर मी पहिल्यांदा फोन खाली ठेवून पाणी प्यायलो होतो. पण या पाचातला एकही मुद्दा धड टिकत नाही, आणि पहिला तर धोक्याचा आहे.

ही लाईट लावणारा सेन्सर म्हणजे पॅडमध्ये बसवलेला तारेचा एक छोटासा वेढा. पॅड झिजत ठरावीक जाडीला आला की डिस्क ती तार घासून तोडते, सर्किट तुटतं आणि लाईट लागते. एवढंच. गाडीत पॅड असतात आठ. बीएमडब्ल्यूच्या अशा गाड्यांत सेन्सर दोनच: पुढे डाव्या चाकाला एक, मागे उजव्या चाकाला एक. बाकीच्या सहा पॅडांवर कुणाचीच नजर नसते. एका एक्सलवरचे पॅड सारखे झिजतील असं त्यात गृहीत धरलेलं आहे, आणि बहुतेक वेळा ते झिजतातही.

माझे नाही झिजले. एक अख्खा पावसाळा गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जवळपास उभीच होती. मागच्या डाव्या कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्यात, पॅडची लोखंडी पाठ गंजून खाचेत अडकली. पुढचे तीन महिने तो पॅड डिस्कला हलकासा घासत राहिला आणि मला पत्ताही नव्हता. टायर बदलायला चाक खोललं तेव्हा उजवीकडे सहा मिलिमीटर पॅड शिल्लक होता, डावीकडे आतल्या बाजूला जेमतेम दोन. लाईट अर्थातच लागलेली नव्हती. तिच्या बाजूचा पॅड ठणठणीत होता ना!

अजून एक. स्क्रीनवर 'ब्रेक अजून इतके किलोमीटर' असा आकडा दिसतो, त्यावरही हा मेसेज फार भिस्त ठेवतो. तो गाडीने बांधलेला अंदाज आहे. सेन्सरची तार शाबूत असेल तर पॅड न बदलताही तो आकडा पुन्हा नव्यासारखा करता येतो. सेकंडहँड गाडी बघायला गेलात तर स्क्रीन वाचत बसू नका, टॉर्च घेऊन चाकाच्या आऱ्यांतून पॅड बघा. आतला पॅड तिथून दिसत नाही, त्यासाठी चाक उतरवावं लागतं. विकणारा त्याला कां कूं करत असेल तर तिथेच काय ते समजा.

आता जाडीबद्दल, कारण मेसेजवाल्याच्या हिशोबात तीन मिलिमीटर पॅड म्हणजे 'अजून तीन मिलिमीटर पैसे वसूल व्हायचेत'. पॅडचं दुसरं काम तो विसरलाय. डिस्कची धग पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनपर्यंत आणि पिस्टनमागच्या ब्रेक ऑइलपर्यंत पोचू न देणं, हेही पॅडचंच काम. पॅड जितका पातळ, तितकी ती भिंत पातळ. माणसं धरून १,७०० किलोची गाडी ताशी १०० वरून थांबवली तर साधारण ६५० किलोजूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. २०० वरून थांबवली तर दुप्पट नव्हे, चौपट. लोणावळ्याहून घाट उतरून खोपोलीला पोचेपर्यंत गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. सगळा उतार नुसत्या ब्रेकवर उतरलात, तर ती गाडी १०० वरून १४ वेळा थांबवण्याइतकी उष्णता झाली. काही भाग हवा आणि इंजिन खातं हे खरं. गिअर खाली घेऊन उतरलात तर बराच खातं, पण किती जण घेतात?

डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. हे ऑइल हवेतलं बाष्प शोषतं, आणि पुरेसं शोषलं की तीच किमान मर्यादा १५५ वर येते. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, आणि पेडल थेट तळाला जातं. पातळ पॅड, दोन पावसाळे खाल्लेलं ऑइल आणि घाट हे तिन्ही एकत्र आलं की लाईट लागली होती की नव्हती हा प्रश्न उरत नाही. शहरात ऑफिसला जाणाऱ्याने तीन मिलिमीटरवर थोडे दिवस काढले तर माझी तक्रार नाही. ट्रॅकवर जाणाऱ्याने मात्र निम्मा पॅड उरला की नवे मागवावेत.

तिथेच ४० हजारांचाही निकाल लागतो. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जोरात घालवलेला एक दिवस पॅडची जी अवस्था करतो, ती शहरातल्या कित्येक महिन्यांत होत नाही. आणि गंमत अशी की हल्लीच्या स्पोर्ट्स कारमध्ये बऱ्याचदा मागचे पॅड आधी संपतात. वळणात गाडी सावरायला, घसरणारं चाक रोखायला स्टॅबिलिटी कंट्रोल तुमच्या नकळत मागचे ब्रेक लावत असतो. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबताय आणि गाडी त्याच वेळी पॅड झिजवतेय. याला किलोमीटर कुठल्या हिशोबाने लावणार?

रेसिंगच्या पॅडचा मुद्दा मेसेजमध्ये सगळ्यात लाडका आहे. पूर्ण ब्रेक दाबल्यावर एबीएस, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, पायाखाली खडखडत असेल, तर पॅडने टायरला त्याच्या मर्यादेपर्यंत आधीच नेलेलं आहे. तिथून पुढे किती अंतरात थांबायचं ते टायर आणि रस्ता ठरवतात. दुसरा पॅड टाकून ते अंतर निम्मं होत नाही. रेसिंग पॅडचा फायदा दहाव्या, विसाव्या वेळी, डिस्क लालबुंद होत असताना ब्रेक तसाच लागण्यात आहे. थंड असताना त्यातले बरेच पॅड रस्त्याच्या पॅडपेक्षा कमी पकडतात. सकाळी सोसायटीतून बाहेर पडताना समोर रिक्षा आडवी आली, तर तुम्हाला थंड पॅडच हवा आहे. शिवाय ते किंचाळतात, डिस्क खातात आणि त्यांची काळी पूड चाकांवर चिकटून बसते. अमेरिकी पद्धतीने छापलेल्या पॅडच्या कडेला दोन अक्षरं असतात, पहिलं थंड पॅडच्या घर्षणाचं, दुसरं तापलेल्या. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. खोक्यावरचा चेकर्ड फ्लॅग बघण्यापेक्षा ती वाचा.

थरथरणाऱ्या डिस्कबद्दल: खरोखर वाकलेली डिस्क क्वचित सापडते. बहुतेक वेळा पॅडचा मसाला डिस्कवर कमी-जास्त चिकटलेला असतो, किंवा जाडीत बारीक फरक पडलेला असतो. घाट उतरून तापलेले ब्रेक घेऊन खालापूरच्या टोलनाक्यावर पेडल घट्ट दाबून उभे राहिलात, की पॅड डिस्कवर आपला ठसा उमटवतो. तिथे पाय शक्य तितका सैल ठेवा. ठसा ताजा असेल तर मोकळ्या रस्त्यावर ताशी १०० वरून ३० पर्यंत, न थांबता, सात-आठ वेळा जोरात ब्रेक मारून आणि नंतर थंड होईपर्यंत गाडी चालवत ठेवून तो बऱ्याचदा जातो. नाहीच गेला तर डिस्क मोजून घ्या. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. त्याच्या खाली गेली असेल तर बदला.

राहिले सिरॅमिक ब्रेक, म्हणजे लोखंडाऐवजी कार्बन-सिरॅमिकच्या डिस्क. पोर्शने ते २००१ च्या ९११ जीटी २ मध्ये दिले, आणि त्यांचे पिवळे कॅलिपर तेव्हापासून मिरवले जातात. रस्त्यावर त्या डिस्क खूप टिकतात, हे मान्य. पॅड मात्र त्यांचेही झिजतात. ट्रॅकच्या सततच्या धगीने डिस्कमधला कार्बन जळत जातो, म्हणून अशा अनेक डिस्कवर जाडीसोबत किमान वजनही कोरलेलं असतं. आणि चाक काढताना पंक्चरवाल्याच्या हातून रिम डिस्कच्या कडेला आपटली तर टवका उडतो, मग 'आयुष्यभर' त्याच दुपारी संपतं.

मेसेजच्या अगदी शेवटी एक ओळ आहे, 'काम गॅरेजमध्ये उभं राहून करून घ्या'. ही पटली. उभे राहाल तेव्हा दोन गोष्टींकडे बघा. पिस्टन मागे ढकलताना ऑइलची टाकी भरून वाहत नाही ना, कारण ते ऑइल रंग खातं. आणि गाडी जॅकवरून उतरल्यावर हलवण्याआधी कुणीतरी पेडल घट्ट होईपर्यंत पंप केलंय ना. माझ्या वेळी ते कुणी केलं नव्हतं. गाडी रिव्हर्समध्ये निघाली, पहिल्या दाबाला पेडल तळाला गेलं, आणि मागे सुदैवाने टायरांचा ढीग होता.