भावा, स्टेज मीही बघितलंय

‘गाण्याचे पहिले तीस सेकंद’ या माझ्या मागच्या लेखावर ‘रांगडा करवीरकर’ या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी इथे देतो (देवल क्लब म्हणजे आमच्या कोल्हापुरातली जुनी संगीत संस्था आणि अल्लादियाखाँ म्हणजे ख्यालाच्या जयपूर-अत्रौली घराण्याचे मूळपुरुष):

“भावा, पेन्शन खात देवल क्लबच्या खुर्चीवर बसून कलेची शुद्धता शिकवणं लई सोपं असतंय. स्टेजवर उभं राहून कधी चार पैसे मिळवलेत का? अल्लादियाखाँसाहेब तरी फुकट गात होते का? दरबाराचा पगारच घेत होते. बालगंधर्वही तिकीट लावूनच गायले. आणि तुमच्या ख्यालापेक्षा ‘सैराट’नं खेड्यातल्या पोरांना जास्त दिलं. लोकांना आवडतं ते देणं म्हणजे कला विकणं नव्हे.”

मी लेखात काय म्हटलं होतं? स्पॉटिफायवर गाणं निदान तीस सेकंद वाजलं तरच ते एकदा ऐकलं गेलं असं धरतात. त्यामुळे सुरुवातीचा वाद्यमेळ कापायचा, मुखडा पहिल्या दहा सेकंदांत आणायचा, रीलला चालेल असा तुकडा आधी बेतायचा आणि उरलेलं गाणं त्याला नंतर जोडायचं, ही रीत पडत चालली आहे. ज्यांच्या घरी पैशाची ददात नाही असे नावाजलेले लोकही हेच करतात आणि मुलाखतीत मात्र ‘हे गाणं माझ्या आतून आलं’ असं सांगतात. माझा राग त्या मुलाखतीवर होता. ‘कलावंताने पैसे घेऊ नयेत’ हे वाक्य त्या लेखात कुठे आहे ते दाखवा, मी तो लेख काढून टाकतो.

आता आधी ‘भावा’चं बघू. मिरजकर तिकटीला चहाच्या गाड्यावर तुम्ही मला भावा म्हणालात तर मी तुमच्यासाठीही चहा सांगीन. पण पहिल्या शब्दाला भावा आणि दुसऱ्या शब्दाला पेन्शन, ही कुठली भाऊबंदकी? मी माझ्या नावानिशी लिहितो. तुम्ही टोपणनावाआडून बोलता. रांगड्या माणसाने निदान नाव तरी सांगावं.

आणि पेन्शन! साहेब, मी सहकारी बँकेत नोकरी केली. आमच्यासारख्यांना ईपीएस-९५ची, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीतल्या १९९५च्या योजनेची पेन्शन मिळते. ती किती असते हे तुमच्या गल्लीतल्या कुठल्याही निवृत्त कारकुनाला विचारा, तो तुम्हाला आत बोलावून पासबुकच दाखवील. २०१४ पासून तिची किमान रक्कम महिना हजार रुपये आहे. मला त्याहून जरा बरी मिळते, पण ती ‘खात’ बसण्याइतकी नक्कीच नाही.

‘स्टेजवर कधी चार पैसे मिळवलेत का’ हे वाक्य मात्र मला लागलं. म्हणून याचं उत्तर नीट देतो.

माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लाल कोट, त्यावर सोनेरी गोंडे, आणि मे महिन्यात त्या कोटाच्या आत माणूस शिजायचा. वरातीत एकदा नागीण सुरू झाली की नवरदेवाचे मित्र रस्त्यावर लोळेपर्यंत ती थांबवायची सोय नव्हती. रात्री घरी आले की पाय गरम पाण्यात सोडून ते पिलू राग वाजवत बसायचे, अगदी दबक्या आवाजात, कारण शेजारचे ओरडायचे. त्यांना कुणी विचारलं, ‘तुम्ही काय वाजवता?’, तर उत्तर ठरलेलं होतं: “लग्नं वाजवतो.” क्लॅरिनेटचं नावसुद्धा घ्यायचे नाहीत. तेव्हा पोटासाठी वाजवणं म्हणजे काय, हे मला प्रतिक्रियेतून शिकायची गरज नाही.

मी स्वतः बँकेत लागण्याआधी आणि लागल्यानंतरही काही वर्षं एका ऑर्केस्ट्रात कॅसिओ वाजवला. गणपतीत पेठांमधून आणि उन्हाळ्यात जत्रांमधून सुपाऱ्या असायच्या. आमचा मुख्य गायक प्राथमिक शाळेत मास्तर होता. बरीच वर्षं रीतसर शिकलेला, आवाज असा की बिनमाईकचा मागच्या रांगेपर्यंत जावा. मालकाशी भांडून त्याने प्रत्येक कार्यक्रमात भीमपलासातला एक अभंग स्वतःसाठी मागून घेतला होता. बाकी सगळं मालक म्हणेल ते.

कागलकडच्या एका गावात दोन ट्रॉल्या जोडून स्टेज केलेलं. हॅलोजनभोवती किडे घोंघावतायत, पुढच्या रांगेत गावकारभारी. मास्तर दुसऱ्या अंतऱ्यात शिरला होता, डोळे मिटून. तेवढ्यात खालून चिठ्ठी आली, टाचणीने एक्कावन्न रुपये टोचलेली. मालकाने विंगेतून मला बोट गोल फिरवून दाखवलं. याचा अर्थ ताल बदल. मी रिदमचं बटण दाबलं. मास्तरचा आलाप अजून हवेत होता. त्याने डोळे उघडून माझ्याकडे एकदा बघितलं, मग लोकांकडे बघून हसला, माईक स्टँडवरून काढला आणि उडतं गाणं धरलं. शिट्ट्यांनी रान उठलं. परतीच्या टेम्पोत मालकाने एक्कावन्नातले पंचवीस त्याच्या हातावर ठेवले. ते खिशात घालत मास्तर मला म्हणाला, “पुढच्या टायमाला अभंग धरूच नको. डायरेक्ट तेच घे.” त्यानंतर तो अभंग आमच्या यादीतून गेला. मालकाने काढला नव्हता, हे लक्षात घ्या.

मी त्या मास्तरला कधी नावं ठेवली नाहीत. घरी खाणारी तोंडं होती, शाळेचा पगार उशिरा व्हायचा. पण त्यानेही कधी कुणाला सांगितलं नाही की ते उडतं गाणं त्याच्या आतून आलं होतं. माझ्या लेखात ज्यांच्याबद्दल लिहिलं ते लोक टेम्पोने परत जात नाहीत, आणि त्यांना चिठ्ठी पाठवणाराही दिसत नाही. आलाप सुरू व्हायच्या आधीच ते अभंग काढून ठेवतात. वर त्याला स्वतःची शैली म्हणतात. आता सांगा, मी स्टेजवर होतो की नव्हतो?

तुमची एक गोष्ट मान्य करतो, म्हणजे हा म्हातारा काहीच ऐकत नाही असं वाटायला नको. ‘सैराट’चा वाद्यमेळ अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रासह ध्वनिमुद्रित केला. मराठी सिनेमाच्या गाण्यामागे एवढा खर्च २०१६ साली होऊ शकला तो बाजार मोठा झाला म्हणूनच. त्या पैशातून व्हायोलिनचा खराखुरा ताफा उभा राहिला, कॅसिओवरच्या नकली तारा नव्हेत. कॅसिओवाल्यापेक्षा हे जास्त कुणाला कळणार! तेव्हा हा मुद्दा तुमचा. ख्यालाने खेड्यातल्या पोरांना काय दिलं, हा वेगळा विषय आहे.

अल्लादियाखाँसाहेब दरबाराचा पगार घेत होते, हे कोल्हापुरात राहून तुम्ही मला सांगता? शाहू महाराजांचा आश्रय होता म्हणून जयपूर-अत्रौली गायकी इथे रुजली. महाराज १९२२ साली गेले आणि त्यानंतर खाँसाहेबांनी मुंबई गाठली, हा इतिहास इथे चहाच्या कपाबरोबर मिळतो. पण दरबारांची दुसरी गोष्टही ऐका. कोल्हापूरला येण्याआधी माळव्याकडच्या एका छोट्या संस्थानात त्यांना धन्याच्या मर्जीखातर कितीतरी दिवस सलग गावं लागलं आणि त्यात त्यांचा गळा बसला, तो पूर्वीसारखा पुन्हा कधी झाला नाही. उरलेल्या आवाजाला झेपेल, लयीच्या आणि वक्र स्वरांच्या गुंत्यावर उभी राहील अशी गायकी त्यांना नव्याने बांधावी लागली. ऐकणाऱ्याच्या मर्जीची किंमत गळा कशी मोजतो, हे यातून दिसत नाही का? यावर तुम्ही म्हणाल, म्हणजे फर्माईशीमुळेच घराणं जन्माला आलं की! म्हणा. त्यावर आज बोलत नाही.

तुमच्या खाली आणखी एकाने ‘जुन्या तबकड्याही तीन मिनिटांच्याच होत्या’ असं लिहिलंय आणि त्याला तुम्ही अंगठा दिलाय. होत्या ना. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तेवढाच वेळ मावायचा. ती यंत्राची मर्यादा होती आणि सगळ्यांना सारखी होती. खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकरांची भैरवी साडेतीन मिनिटांचीच आहे, तीच १९७७ साली व्हॉयेजर यानातल्या सोनेरी तबकडीवर अंतराळात गेली. ती पुन्हा ऐका आणि तिच्यात रीलचा तुकडा कुठे आहे ते मला शोधून दाखवा.

बालगंधर्वांचं राहू द्या. नाटक कंपनी तिकिटावरच चालते, त्यात नवल काय? संगीतकार गोविंदराव टेंब्यांनी १९११ला ‘मानापमान’ नाटकाच्या चाली दिल्या त्याही धंदेवाईक कंपनीसाठीच, आणि पुढे १९३२ला आपल्याच गावातल्या प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात ते गायले, संगीत दिलं आणि हरिश्चंद्रही झाले. त्यांनी कला विकली असा आरोप कुणी केल्याचं मी तरी ऐकलं नाही. तिकीट लावणं आणि तिकिटासाठी चाल वाकवणं यांतला फरक समजावत बसायला मला वेळ नाही.

‘लोकांना आवडतं ते देणं’ या तुमच्या शेवटच्या वाक्यावर मी काही लिहीत नाही. मिरवणुकीत महाद्वार रोडवर डॉल्बीच्या भिंतीसमोर उभं राहून ते वाक्य स्वतःलाच ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हणून बघा.

आणि हो, तुम्ही नंतर वेगळ्या निरोपात विचारलंय की मग हल्लीचं कुठलं गाणं तुम्ही ऐकता, ते तरी सांगा. नाही सांगणार. सांगितलं की त्याच्यावरही तुमची अशीच प्रतिक्रिया येईल, आणि मला ते गाणं अजून काही दिवस सुखाने ऐकायचं आहे.