आज सुट्टी का रे?

दाढ दुखायला लागली बुधवारी रात्री. गाल धरून सकाळ केली, पण डॉक्टरांची वेळ मिळाली ती थेट पुढच्या मंगळवारची, सकाळी अकराची. फोनवरची मुलगी म्हणाली, "ही वेळ बऱ्याच आयांना बरी पडते. मुलं शाळेत असतात ना." मी "हो ना" म्हटलं. दाढ दुखत असताना माणूस पटकन खोटं बोलतो.

आमची मुलं शाळेत नसतात. ती घरीच शिकतात, म्हणजे मंगळवारी अकरा वाजता मी जिथे असेन तिथेच असतात. थोरली आठ वर्षांची, धाकटा सहाला टेकलेला. हा निर्णय आम्ही दोघांनी भरपूर वाचून, रात्र-रात्र बोलून घेतला होता. 'अनस्कूलिंग' हा शब्द रूढ करणारे अमेरिकन शिक्षक जॉन होल्ट यांचे विचार तर तेव्हा मला तोंडपाठ होते. मूल मुळातच शिकायला उत्सुक असतं, मोठ्यांनी उगाच मध्ये येऊ नये. १९७७ साली त्यांनी अशा कुटुंबांसाठी एक नियतकालिकही सुरू केलं होतं. होल्टना स्वतःला मूलबाळ नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

नवरा नेमका बाहेरगावी. तेव्हा माझं रूट कॅनॉल हीच त्या दिवसाची शैक्षणिक सहल ठरली.

शाळेत जाणाऱ्या मुलांना रोज ठरलेल्या वेळी बूट घालायची सवय असते म्हणतात. आमच्याकडे बाहेर पडणं हा दर वेळी नव्याने सुरू होणारा विषय आहे. धाकट्याच्या डाव्या बुटात महिनाभर हरवलेलं भिंग सापडलं. मग त्या भिंगातून उजवा बूट तपासणं आलंच. थोरलीला निघता निघता आठवलं की आपण दातांच्या दवाखान्यात जातोय तर काही वाचून जायला हवं. शेवटी पिशवीत दोन पुस्तकं, रंगखडू, पाणी, एक जादा चड्डी, ते भिंग आणि एक काडेपेटी घेऊन आम्ही निघालो. काडेपेटीत धाकट्याचा परवा पडलेला दात होता. तो म्हणाला, डॉक्टरांना दाखवायचाय. मी म्हटलं, डॉक्टर माझे आहेत. तो म्हणाला, दात माझा आहे.

बाहेर बाकावर एक आजी बसल्या होत्या. चेहरा प्रेमळ, पण बसणं पर्यवेक्षकासारखं. आम्ही टेकलो न टेकलो तोच प्रश्न आला, "आज सुट्टी का रे?"

हा प्रश्न मला पाठ आहे. लिफ्टमध्ये येतो, बागेत येतो, बसमध्ये तिकीट काढताना येतो. त्यावर माझी तीन उत्तरं तयार असतात. घाईचं ("हो"), मध्यम ("घरीच शिकतात") आणि सविस्तर, जे मी आता कुणालाच देत नाही. पण मी तोंड उघडायच्या आत धाकटा म्हणाला, "आम्हाला सुत्ती नसते."

"सुट्टी," थोरलीने दुरुस्त केलं. "ट म्हण. जीभ वर, टाळूला लाव." हे माझंच वाक्य. दिवसातून दहा वेळा मी ते त्याला ऐकवते.

"सुत्ती," तो म्हणाला.

मग आजींनी रीतसर परीक्षाच घेतली. शाळेत जाणाऱ्या मुलाला भर दवाखान्यात कुणी पाढे विचारत नाही. घरी शिकणारं मूल दिसलं की मात्र प्रत्येकाच्या अंगात परीक्षक येतो. "कितवीत आहेस गं?" थोरलीने यावर खरोखर विचार केला. "कशात? वाचनात पुढे आहे. भागाकारात जरा मागे. पोहण्यात तर अजून बालवाडीत." आजींनी माझ्याकडे पाहिलं. मी गाल धरला.

"बरं, आज वार कोणता?"

इथे आमचं घराणं गारद झालं. पोरीला वार सांगता येईना. वार लागतो तो शाळेला. आमच्याकडे दिवस ओळखले जातात ते लायब्ररीचा, पोहण्याचा, कपडे धुण्याचा असे. ती म्हणाली, "लायब्ररीच्या आदला." आजींनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी दुसरा गालही धरला.

"आणि तू केवढा रे?"

"एकोणसहा."

आजींना वाटलं ऐकण्यात चूक झाली. थोरलीने समजावलं, "म्हणजे पाच. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, मग एकोणसहा म्हणजे सहाला एक कमी." आजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. ते 'एकोण' फक्त दहाच्या पटीतल्या संख्यांनाच का लागतं, आणि एवढ्या 'एकोण'मधून नव्व्याण्णव एकटा कसा सुटला, हे मलाही सांगता आलं नसतं. नशिबाने तेवढ्यात आतून हाक आली.

आधी एक्स-रे. थोरलीने मदतनीस ताईंना न विचारता माहिती दिली, की हे किरण रॉन्टगेन यांनी १८९५ साली शोधले, आणि त्यांनी बायकोच्या हाताचा फोटो काढला तेव्हा त्यात हाडं आणि बोटातली अंगठी दिसली. "आईच्या दाढेत काही दिसलं तर सांगा," असंही ती म्हणाली. शाळेत न जाणारी मुलं बुजरी होतात, असं मला अनेकांनी बजावून सांगितलंय. मी त्या दिवसाची वाट पाहते आहे.

मुलांना बाहेर आजींच्या हवाली करून मी खुर्चीत आडवी झाले. डॉक्टरांनी भुलेचं इंजेक्शन दिलं. खालच्या दाढेसाठी अख्खी नसच बधिर करतात. त्यामुळे अर्धा ओठ, अर्धी जीभ आणि हनुवटीचा तुकडा हळूहळू दुसऱ्याच कुणाचा तरी होतो. दार अर्धवट उघडं होतं. तोंडात कापूस, नळी, आरसा आणि डॉक्टरांची दोन बोटं असताना मला बाहेरचं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"तुम्हाला शिकवतं कोण?" आजी.

"आई."

"काय काय येतं आईला?"

क्षणभर शांतता. मग थोरली, अगदी आपुलकीने, "तिला विचारलं ना की ती म्हणते, छान प्रश्न आहे, आपण शोधूया. म्हणजे तिला येत नसतं."

"आणि रोज अभ्यास किती तास?"

"आई दुपारी दोळे मितून विचार करते. तेव्हा आम्ही गप्प बसतो," धाकटा म्हणाला.

मी "आं! आं!" असा निषेध नोंदवला. डॉक्टर थांबले. "दुखतंय?" मी हात हलवून नाही म्हणाले. हात हलवणं म्हणजे दुखतंय अशी खूण त्यांनीच आधी ठरवून दिली होती, हे मी विसरले होते. त्यांनी भुलेचं आणखी एक इंजेक्शन दिलं.

यानंतर माझ्या घराची अब्रू आणि माझी अर्धी जीभ यांच्यावरचा माझा ताबा एकदमच सुटला. बाहेर गोगलगायीच्या जिभेवर हजारो दात असतात हे आजींना कळलं. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात आणि शेवटचा झिजला की संपलं, हेही कळलं. त्यावर आजी "अगंबाई, माझे तर दोनच" असं काहीतरी म्हणाल्या, आणि पुढची दहा मिनिटं तिथे हत्तीशी कवळीची तुलना चालली. परीक्षा कधीच संपली होती. आता आजी शिकत होत्या.

मग दारातून काडेपेटी आत आली. तिच्यामागून धाकटा, त्याच्यामागून बहीण, आणि दाराशी, मुलांना आवरायला म्हणून, आजी. डॉक्टरांनी हातमोजा बदलला आणि दात तळहातावर घेतला. तांदळाच्या जाड दाण्याएवढा, वरून चकचकीत, खालून पोकळ. पोकळीच्या कडेला वाळलेल्या रक्ताची तपकिरी रेघ. धाकट्याने भिंग पुढे केलं.

"याचं मूळ कुठे आहे?" थोरलीने विचारलं. "आईच्या दाढेला मुळं आहेत म्हणून तुम्ही ती साफ करताय. मग याचं तुतलं का?" भावाचा ट तिलाही अधूनमधून चिकटतो.

"छान प्रश्न," डॉक्टर म्हणाले.

ती भावाच्या कानाशी लागली. कुजबूज मला ऐकू आली. "यांनाही येत नाही."

पण त्यांना येत होतं. खालून पक्का दात वर येताना दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळत जातं. ते पुरतं गेलं की दात सैल होतो आणि पडतो. मग त्यांनी माझ्या एक्स-रेवर पेन्सिलीने तीन रेघा दाखवल्या. खालच्या दाढेत बहुधा अशा तीन नळ्या असतात, तिन्ही साफ करून भरायच्या. मुलं डोळे विस्फारून पाहत होती, आजी मान वाकवून पाहत होत्या. मी तोंड उघडं ठेवून छताकडे पाहत होते. वर्गात फळ्याला काय वाटत असेल, ते मला त्या वेळी कळलं.

"आणि आता आईच्या तोंडात?" धाकट्याने विचारलं. म्हणून प्रत्यक्षदर्शनही झालं. रांगेने, एकेक करून, भिंगातून. आजींनी भिंग दोनदा मागून घेतलं.

निघताना पुढच्या मंगळवारची वेळ ठरली. आजींनी आपली तपासणीही त्याच वेळेला करून घ्यावी, असं त्यांचं त्यांनीच काउंटरवर सांगितलं. थोरलीला म्हणाल्या, "मगरीचं राहिलं बघ तुझं."

घरी पोचलो तेव्हा अर्धं तोंड अजून परक्याच्या घरीच होतं. पाणी प्यायले तर ते हनुवटीवरून उतरलं. मुलं बूट न काढता समोर येऊन उभी राहिली. वही उघडलेली, पेन्सिल तयार. हत्तीला सहा संच, प्रत्येक संचात चार दाढा, तर एकूण किती, आणि मधला एखादा झिजायच्या आत पडला तर काय, असा काहीसा तास भरवायचा त्यांचा बेत होता.

मी हात वर केला आणि जमेल तेवढं स्पष्ट म्हटलं, "आज शुत्ती."

दोघं एकमेकांकडे बघायला लागली.

"काय म्हणाली?"

"सुत्ती म्हणाली," धाकटा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद मी दात पडला तेव्हाही पाहिला नव्हता.

थोरली जवळ आली. माझ्या बधिर गालावर हलकेच हात ठेवून, अगदी माझ्याच आवाजात म्हणाली, "सुट्टी. ट. घाई नको. जीभ वर, टाळूला लाव."

मी जीभ शोधू लागले.