महागडी गोळी म्हणजे अचूक नेम नव्हे

रायफलीच्या नेमबाजीवरच्या लेखात म्हटलंय की ‘भारीतलं काडतूस घ्या, नेम आपोआप सुधारतो’. हे पटलं नाही. मी भुसावळचा. शेजारच्या वरणगावला लष्करासाठी काडतुसं बनतात, त्यामुळे हा विषय आमच्याकडे चहाच्या टपरीवरही निघतो.

खरी गोष्ट रायफलीच्या नळीच्या आत आहे. नळीत सर्पिल आटे असतात, ते गोळीला फिरकी देतात. गोळी लांब आणि जड, पण आट्यांचा पीळ मंद, तर ती हवेत डगमगते. मग किंमत कितीही असो, गोळ्या विखुरणारच. .३०८ (गोळीचा व्यास, इंचात) मध्ये १५० ग्रेन आणि १८० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी एकाच रायफलीतून मारा, १०० मीटरवर दोन्हींची भोकं वेगळ्या जागी दिसतील. रायफलीवरची दुर्बीण ज्या गोळीवर जुळवली, तीच वापरायची. तोच ब्रँड असला तरी लॉट (एकाच वेळी बनलेला माल) बदलला की पुन्हा कागदी लक्ष्यावर तपासायचं. .२२ च्या (छोट्या गोळीच्या) रायफलीचे स्पर्धक खेळाडू म्हणूनच लॉट तपासून एकदम साठा घेतात.

आमच्याकडचा उन्हाळा तर लेखात आलाच नाही! मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. उन्हात तापलेल्या काडतुसातली दारू जास्त दाब देते, गोळीचा वेग वाढतो आणि मारा साधारणपणे वर सरकतो. काडतुसं सावलीत ठेवा, तापलेल्या चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागी) भरून ठेवू नका.

आणि हे सगळं नेमबाजीच्या रेंजवरच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. रानडुकरांनी केळीची बाग उद्ध्वस्त केली तरी आधी वनखात्याची परवानगी घ्या.