हेशेनचा फॉरवर्ड: खोटं काय आणि खरं काय

फॅमिली ग्रुपवर मामांनी परवा एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. अठराव्या शतकातला चीनचा मांचू (तेव्हा चीनवर राज्य करणाऱ्या जमातीतला) मंत्री हेशेन, अडाणी भोई, भोळ्या म्हाताऱ्या बादशहाला गुंडाळून 80 कोटी ताएल (चिनी वजन) चांदी जमवली, बादशहा मेल्यावर तो फासावर लटकला आणि चीनमधला भ्रष्टाचार संपला. खाली "साहेबाच्या मनात जागा मिळवा, सगळं मिळतं" असा सल्ला. तेवढ्यावर मी सोडून दिलं असतं, पण स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीनं ते नोट्समध्ये उतरवून घेतलं आणि मला फोटो पाठवला, म्हणून लिहितोय.

अडाणी भोई हे तर साफ चूक. हेशेन 1750 चा, न्योहुरू या बड्या मांचू कुळातला, वडील लष्करी अधिकारी. ते लवकर वारले, घरात ओढाताण होती, पण पोरगा राजवाड्याच्या शाळेत शिकला आणि त्याला मांचू, चिनी, मंगोल, तिबेटी चारही भाषा येत होत्या, खुद्द छ्यानलोंग बादशहानं त्याबद्दल त्याचं कौतुक केलंय. बादशहाच्या पालखीबरोबरच्या लवाजम्यात तो सुरुवातीला पहारेकरी होता, एवढंच काय ते खरं, त्याचा यांनी भोई केला. 1776 मध्ये, म्हणजे पंचविशी ओलांडता ओलांडता, तो महसूल खात्यात उपमंत्री आणि दोनच महिन्यांत राज्याच्या सर्वोच्च सल्लागार मंडळात. पुढे त्याच्या मुलाचं लग्न बादशहाच्या सगळ्यात धाकट्या लाडक्या मुलीशी झालं.

आता 80 कोटी. ताएल म्हणजे साधारण 37 ग्रॅम, आपल्या तीन तोळ्यांहून थोडं जास्त. गुणाकार करून बघा, जवळजवळ 30,000 टन चांदी होते! बरं, घरं-जमिनी सगळं त्यात धरलंय म्हणालात तरी साम्राज्याचा वर्षाचा महसूल साडेचार कोटी ताएलच्या आसपास होता. 1799 मध्ये नव्या बादशहानं, ज्याचिंगनं, हेशेनवर 20 आरोपांचा हुकूम काढला आणि तो अधिकृत दरबारी नोंदींत आहे. भिंतीत लपवलेलं सोनं 26,000 ताएलवर, खाजगी कोठारात आणखी 6,000, तळघरात पुरलेली चांदी दहा लाखांहून जास्त, सावकारी पेढ्यांचं भांडवल लाखाच्या वर, आणि त्याच्या घरगड्याकडे, ल्यू छ्वानकडे, दोन लाखांवर मालमत्ता. नोकराकडे दोन लाख! म्हणजे माणूस अतिशय भ्रष्ट होता यात वाद नाही, ते मी मान्य करतो. वाडे-जमिनी या हुकुमात मोजलेल्या नाहीत, तेही मान्य. पण 80 कोटींच्या याद्या नंतरच्या खाजगी लिखाणातल्या आहेत, चिनी अभ्यासकांनीच त्या मोडीत काढल्यात. आणि एवढा पैसा हाती लागला असता तर ज्याचिंगला तेव्हा चाललेलं बंड मोडायच्या खर्चासाठी पदव्या आणि पदं विकत बसायची वेळ का आली असती?

पण माझा खरा राग आहे तो "भोळा बादशहा" वर, कारण भाचीनं नेमकं तेच अधोरेखित केलंय. तेव्हा अशी पद्धत होती की चूक सापडलेल्या अधिकाऱ्यानं स्वतःच दंड ठरवायचा, चांदी भरायची आणि खुर्ची राखायची. हिशोब हेशेनच्या हाताखाली, आणि बरीचशी चांदी राजवाड्याच्या खाजगी खात्यात, म्हणजे बादशहाच्याच खिशात. 1790 मध्ये यिन च्वांगतू नावाच्या अधिकाऱ्यानं अर्ज करून सांगितलं की हे बंद करा, याच्या नावाखाली सुभेदार खालच्यांना पिळतायत, सरकारी कोठारं रिकामी आहेत, व्यापारी आणि रयत, निम्मे लोक कपाळाला आठ्या घालून उसासे टाकतायत. छ्यानलोंग खवळला. जा, स्वतः कोठारं तपासून ये, म्हणाला, आणि सोबत दिला छिंगचेंग नावाचा बडा अधिकारी. त्याचा प्रवासखर्च सरकारी, यिनचा मात्र स्वतःच्या खिशातून. प्रत्येक गावी छिंगचेंग आधी मेजवान्या झोडत दिवस काढायचा, तोवर तिथला अधिकारी उसनी चांदी आणून कोठार भरायचा, मग मोजणी, सगळं चोख! शेवटी यिननं माझंच चुकलं म्हणून लिहून दिलं. त्याला देहदंड सुचवला गेला, बादशहानं तो माफ करून नुसती पदावनती केली. सांगा बरं, यात फसवलं कोणी कोणाला? बादशहाला ऐकायचंच नव्हतं.



आणि भ्रष्टाचार संपला म्हणे. छ्यानलोंग 7 फेब्रुवारी 1799 ला गेला, 22 तारखेला हेशेनला रेशमी दोर पाठवून गळफास घ्यायला लावला, आणि बाकीच्यांची चौकशी ज्याचिंगनं मुद्दाम थांबवली. त्याच वर्षी हाँग ल्यांगजी या विद्वानानं पत्र लिहून दरबाराची खरडपट्टी काढली तर त्याला आधी मृत्युदंड, मग दूर वायव्येकडच्या इलीच्या सरहद्दीवर हद्दपारी, पुढच्या वर्षी परत बोलावलं.

भाचीला सांगितलंय, ते पान फाड आणि यिन च्वांगतूचं नाव लिहून घे. मामा, तुम्हीही ग्रुपवरून तो फॉरवर्ड काढा, सगळी पोरं वाचतात तिथं.